दोन हजार चौऱ्याऐंशीवं मत

टॅमरॅक बेंड, वॉशिंग्टन
रविवार, २३ फेब्रुवारी

प्रिय आणि फार लांब जाऊन बसलेल्या मॅरेन,

हे पत्र मी स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभी राहून लिहिते आहे. बसवतच नाही. एकोणसत्तर वर्षांच्या बाईने असं उड्या मारायच्या बेतात असणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण परवापासून मी अशीच आहे. शुक्रवारी शाळेच्या ठरावाचा निकाल लागला. काय लागला ते इतक्यात सांगणार नाही. चौतीस वर्षं मी पोरांना वक्तृत्व शिकवलं आहे, श्रोता उठून जाईल असा क्रम मी कधी लावत नाही. आणि तू तर मधूनच उठून जाण्यात पटाईत. तेव्हा कॉफी घे, बस आणि शेवटपर्यंत वाच.

मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस, की आत्या, डेन्व्हरमध्ये माझ्या एका मताने काय फरक पडतो, हल्ली मी घरी येणारं मतपत्रिकेचं पाकीट उघडतसुद्धा नाही. त्यावर मी उत्तर पाठवलं नाही, कारण जे सुचत होतं ते पोस्टाने पाठवण्यासारखं नव्हतं. आज पाठवते आहे. यातला प्रत्येक आकडा मी स्वतः पाहिलेला आहे.

आपलं गाव कसं आहे हे तुला नव्याने सांगायला नको. नोव्हेंबरात चार जणांतले तीन तुझ्या बाबाच्या पक्षाला मत देतात आणि उरलेला एक माझ्या. आम्ही उरलेले इतके थोडे, की किराणा दुकानात समोरासमोर आलो तर गुप्त मंडळाचे सभासद असल्यासारखे मान हलवतो. पण शाळेचा ठराव आला की हे सगळं कोलमडतं. गव्हाची शेकडो एकर शेती असलेले, दारात बंदुकीचं चित्र असलेला झेंडा लावणारे लोक 'हो' म्हणतात, कारण त्यांची नातवंडं त्या शाळेत आहेत. आणि सिॲटलहून निवृत्त होऊन आलेली, सगळे सुधारलेले विचार पाठ असलेली माणसं घरपट्टीचं नाव काढलं की खिडकीबाहेर बघू लागतात. पक्ष एकीकडे आणि माणूस दुसरीकडे असं बघायचं असेल तर फेब्रुवारीत ये.

प्राथमिक शाळेची पूर्वेकडची बाजू ऑक्टोबरपासून बंद आहे. छताची तुळई वाकली. तिसरी ते पाचवीचे वर्ग लूथरन चर्चच्या तळघरात भरतात, जिथे हिशेबाचा तास चालू असताना वर अंत्यविधीचा ऑर्गन वाजतो. तपासनीसाने जूनपर्यंतची मुदत दिली. नवी इमारत मंजूर झाली नाही, तर ही सगळी पोरं रोज सकाळी अंधारात बसमध्ये बसवून घाटापलीकडच्या गावी न्यायची, पंचेचाळीस मैल. जानेवारीत त्या घाटात काय होतं ते तू पाहिलं आहेस. पणाला लागलं होतं ते एवढंच. देश नाही, संविधान नाही, सहा वर्षांची पोरं आणि बर्फाचा घाट.

घरपट्टी वाढवून शाळा बांधायचा असा ठराव मंजूर व्हायला दोन अटी असतात. शंभरातल्या साठांनी 'हो' म्हणायला हवं, ही पहिली. ती सगळ्यांना पाठ असते. दुसरी कोणी वाचत नाही: मत देणाऱ्यांची संख्या आधीच्या नोव्हेंबरात जितक्यांनी मत दिलं त्याच्या निदान चाळीस टक्के हवी. आता बघ, गेला नोव्हेंबर राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा. एकमेकांच्या रागाने का होईना, गाव लोटलं होतं. पाच हजार दोनशे दहा मतं. म्हणजे फेब्रुवारीत, जेव्हा लोक टपालाने घरी आलेलं मतपत्रिकेचं पाकीट फ्रिजवर चुंबकाने लावतात आणि विसरतात, तेव्हा आम्हाला दोन हजार चौऱ्याऐंशी माणसं हवी होती. 'हो' असो वा 'नाही', माणसं हवी होती.

आणि आमच्या समितीने काय केलं? वीस वर्षांचा शिरस्ता पाळला. तो शिरस्ता असा, की शाळेचा ठराव आला की आवाज करायचा नाही. पालकांना चिठ्ठ्या, शिक्षकांना फोन, बस्स. अंगणात पाट्या नाहीत, सभा नाहीत, वर्तमानपत्रात पत्रं नाहीत. का, तर 'नाही' म्हणणारे झोपलेले असतात, त्यांना कशाला उठवायचं. एरवी ही युक्ती चालते. पण या वर्षी तीच आमच्या गळ्याला फास होती. मी हे बैठकीत फळ्यावर आकडे मांडून सांगितलं. शाळांचे अधीक्षक वेन्डेल क्रोल हे सज्जन गृहस्थ आहेत, इतके सज्जन की स्वतःचं मत मांडतानाही परवानगी मागतात. ते म्हणाले, आर्लीन, तू माईक हातात घेतलास की शंभर 'नाही' जागे होतात. मी म्हटलं, होऊ देत जागे, मला तेच हवे आहेत. सगळी समिती माझ्याकडे अशी बघायला लागली, की बिचारीचं वय झालं.

शेवटी कटकट टळावी म्हणून त्यांनी मला एक सभा दिली. शाळेच्या व्यायामशाळेत, मतदानाच्या अकरा दिवस आधी. तीनशे माणसं आली. विरोधी समितीतर्फे कोण बोलणार होतं ते तू ओळखलं असशीलच. तुझा बाबा कोटाच्या खिशात हात घालून उभा राहिला आणि सगळं भाषण त्याने तसंच केलं. मला वाटलं, किती ही मग्रुरी. पण बोलला उत्तम, हे कबूल करते. त्याचं म्हणणं तुला माहीत आहे: बारा वर्षांपूर्वी याच लोकांनी मुलांसाठी कार्यशाळा बांधू म्हणून मतं घेतली होती. लेथ, वेल्डिंग, हाताला काम शिकवणारी जागा. ती झाली नाही. त्याऐवजी फुटबॉलच्या मैदानाला दिवे आले. लाकडाच्या गिरणीत चाळीस वर्षं करवतींना धार लावलेल्या माणसाने ते मनाला लावून घेतलं, आणि मी खोटं बोलणार नाही, त्यात त्याची काही चूक नव्हती. तो क्रोलसाहेबांकडे वळून शांतपणे म्हणाला, "एकदा गंडवलंत, चालून गेलं. पुन्हा गंडवायचं असेल तर निदान थाप तरी नवीन मारा." लोक हसले. मीही हसले, समितीने ते पाहिलं.

मग मी उठले. मॅरेन, मी आयुष्यात पुष्कळ भाषणं केली, पण त्या दिवशी माझ्या अंगात आलं होतं. मी म्हटलं, माझा भाऊ चुकतो आहे, पण तो इथे येऊन चुकतो आहे. ज्याला 'नाही' म्हणायचं आहे त्याने खुशाल म्हणावं, सही करून म्हणावं, पाकीट चिकटवून म्हणावं. मला तुमच्या 'नाही'ची भीती नाही. मला भीती आहे ती तुमच्या फ्रिजची. दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. क्रोलसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

आणि इथे माझ्याच जिभेने घात केला. तुझ्या बाबाच्या समितीत ट्रेंट मॅब्री नावाचा एक घरं-जमिनी विकणारा तरुण आहे, चकचकीत दातांचा. गावात नवा, तू त्याला पाहिलेलं नाहीस. मी 'नाही'वाल्यांना एवढ्या अगत्याने का बोलावते आहे, याचा त्याने घरी जाऊन विचार केला, आणि नियम वाचला. सोमवारी प्रत्येक टपालपेटीत गुळगुळीत कार्ड पडलं. शाळेचा ठराव हरवायचा आहे? मग काहीच करू नका. पाकीट केराच्या टोपलीत टाका.

मला विरोधाचा राग येत नाही. विरोध हा मानाचा पाहुणा आहे, त्याला मी खुर्ची देते. पण घरात बसून, तोंड न उघडता, आपण कोण हे कळू न देता दुसऱ्याच्या लेकरांच्या शाळेचं दार लावायचं आणि त्याला हुशारी म्हणायचं, याचा मला संताप येतो. ज्याचा चेहरा दिसत नाही त्याला मी पटवू कसं? त्याच्याशी हरू तरी कसं? मी तडक तुझ्या बाबाला फोन लावला. म्हटलं, लाईल, पन्नास वर्षांत तू एक मतदान चुकवलं नाहीस. स्मशानभूमी मंडळाच्या निवडणुकीत, एकच उमेदवार उभा असतानाही, तू मत दिलंस. आणि आता त्या दातवाल्याच्या सांगण्यावरून पाकीट टोपलीत टाकणार? त्याने मध्येच फोन ठेवला. कोपऱ्यावरच्या डोनटच्या दुकानात कॉफीला तो या हिवाळ्यापासून येईनासा झालाच होता. मी ठरवून टाकलं, की माझा भाऊ त्यांच्यातला झाला.

कोणाची पाकिटं पोचली याची यादी काउंटीचं निवडणूक कार्यालय रोज देतं. मत काय दिलं ते नाही, दिलं का एवढंच. त्या आठवड्यात मी ती यादी अशी काही वाचली की काय सांगू. माझ्या वाचनमंडळात आम्ही नऊ जणी आहोत, दर गुरुवारी लोकशाहीच्या भवितव्यासाठी कासावीस होतो. त्यातल्या चौघींची पाकिटं आलेली नव्हती. एकीने फोनवर सांगितलं, अगं, मला ती कसली तरी जाहिरात वाटली. आणि माझ्या शेजारचा तो झेंडेवाला, ज्याच्याशी मी आठ वर्षांत हवामानापलीकडे बोलले नाही, त्याचं पाकीट पहिल्याच दिवशी पोचलं होतं. त्या संध्याकाळी मी त्याला ॲपल पाय भाजून नेऊन दिला. तो घाबरलाच.

मंगळवारी, अकरा तारखेला, मतदान संपलं. 'हो' म्हणणारे शंभरातले बासष्ट! पहिली अट आरामात पार. आणि माणसं? टपालातली उशिराची पाकिटं चौदा तारखेच्या शुक्रवारपर्यंत येत राहिली, आणि त्या दिवशी आकडा थांबला दोन हजार एकोणसत्तरवर. पंधरा कमी. नोव्हेंबरात शेजाऱ्याला हरवायला पाच हजार आले, आणि फेब्रुवारीत शेजाऱ्याच्या पोरासाठी पंधरा कमी पडले.

पण तेवीस पाकिटं अजून अडकलेली होती. पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी जुळली नाही की ते पाकीट उघडत नाहीत, बाजूला ठेवतात, आणि निकालाच्या आदल्या दिवशी साडेचारपर्यंत मतदाराने फॉर्मवर पुन्हा सही करून दिली तरच मोजतात. त्यांची नावं मागितली की मिळतात. मी मागितली, आणि शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या मारिसेला ओचोआला घेऊन निघाले. तिची दोन्ही मुलं चर्चच्या तळघरात शिकतात. तिच्याकडे जुनी गाडी आहे आणि माझ्याकडे जुनी जीभ, असं ती म्हणते.

काय काय सापडलं आम्हाला! एक मुलगी लग्न करून नव्या आडनावाने सही करून मोकळी झाली होती. एका अठरा वर्षांच्या पोराने सहीच्या जागी नुसतं हसरं तोंड काढलं होतं. जन्मात कधी सही करावीच लागली नव्हती त्याला, मी दारात उभी राहून शिकवली. एका म्हाताऱ्या जोडप्याने पाकिटांची अदलाबदल केली होती, नवऱ्याने बायकोच्या पाकिटावर सही केलेली आणि तिने त्याच्या, आणि दोघं आमच्यासमोर कोणाची चूक यावर भांडत होते. आम्ही कोणालाही मत काय दिलं ते विचारलं नाही. विचारताच येत नाही. यातले निम्मे 'नाही'वाले असतील, असं मी मारिसेलाला म्हटलं, तर ती म्हणाली, "असू देत की, मिस आर्लीन. फक्त जिवंत असू देत."

वीस तारखेला, गुरुवारी दुपारी बारा वाजता आकडा होता दोन हजार त्र्याऐंशी. एक कमी. फक्त एक! उरलेल्या नऊ जणांत दोघं सैन्यात, परदेशी. पाच जण घर सोडून गेलेले. एकाने आमच्या तोंडावर दार लावलं. नववं नाव मी पहिल्या दिवसापासून यादीच्या तळाशी ढकलत आले होते. लाईल होल्मबर्ग.

ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चालत्या गाडीत ओरडले होते. त्याने मत दिलं होतं! स्वतःच्या समितीने घरी बसा म्हटलेलं असताना त्याने ते पाकीट भरलं होतं, बंद केलं होतं, टाकलं होतं. त्या आनंदात मला एक साधा प्रश्न पडला नाही. आयुष्यभर पुस्तकं वाचणारी मी, समोर लिहिलेलं वाचलं नाही. पन्नास वर्षं एकच सही करणाऱ्या माणसाची सही का जुळू नये? मला वाटलं रागारागात गिरगटली असेल. मी त्याचं नाव मागे ठेवलं ते अभिमानापायी. त्याच्याकडे काही मागायला जायचं, आणि तेही हे!

गाडीत मारिसेला म्हणाली, त्यांना गणित सांगू नका, नुसती सही राहिलीय म्हणा. खोटं नाही ते, थोडंसं कमी खरं. तिची दोन पोरं डोळ्यांसमोर असताना तिला नाही म्हणणं मला जड गेलं. पण मी नाही म्हटलं. तीनशे माणसांपुढे मी चेहरा दाखवून मत द्या म्हणून गर्जना केली होती. आता भावाच्या दारात चेहरा लपवू?

पावणेतीनला पोचलो. काउंटीचं कार्यालय तिथून चाळीस मिनिटांवर, आणि बर्फ भुरभुरत होतं. त्याने दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं, आणि पहिलाच प्रश्न विचारला, किती कमी पडतायत? मी म्हटलं, एक. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग मी सगळं सांगितलं, जसं आहे तसं: तू सही केलीस तर तुझं 'नाही' मोजलं जाईल आणि त्यानेच शाळा उभी राहील, तू सही केली नाहीस तर तू जिंकलास. मॅब्रीने त्याला तेच गणित आधी दोनदा समजावून सांगितलं होतं. त्याने मारिसेलाला विचारलं, मुलं किती, कितवीत. तिसरी आणि पाचवी, ती म्हणाली. त्याने फॉर्म घेतला, टेबलावर ठेवला आणि आम्हाला व्हरांड्यात थांबायला सांगितलं.

दहा मिनिटं गेली. पंधरा. घड्याळात तीन वाजून गेले. मी मनात भाषण जुळवलं, त्याचा पहिला शब्द तोंडात धरून दार ढकललं, आणि तो शब्द तिथेच राहिला.

तो टेबलाशी बसला होता. पुढ्यात जुन्या कॅलेंडरचं उलटं पान, आणि त्यावर सह्या. वीस असतील, तीस असतील. त्यातली एकही सही म्हणावी अशी नव्हती, मॅरेन, नुसत्या थरथरत्या रेघा, कोळ्याच्या पायासारख्या. डाव्या हाताने त्याने उजवं मनगट दाबून धरलं होतं आणि तरी ते टेबलावर टकटक वाजत होतं. करवतीच्या दातावर केसभर चूक न होऊ देणारा तो हात. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "ते म्हणतात ही सही लाईल होल्मबर्गची नाही. बरोबर बोलतायत. मलासुद्धा ओळखू येत नाही."

पार्किन्सन. दोन वर्षं झाली. कोणालाच सांगितलं नव्हतं, मलाही नाही. सभेत खिशातून न निघालेला हात, डोनटच्या दुकानातला बंद झालेला कप, मध्येच ठेवलेला फोन; आणि मी, शहाणी, त्या सगळ्याला मग्रुरी म्हणत बसले होते.

फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की ज्याला सही करता येत नाही त्याने खूण करावी, दोन साक्षीदारांसमोर. मी ते वाचून दाखवलं. तो भडकला. फुली मारायची? त्याने? मग जरा वेळाने कुरकुरला, आणि साक्षीदार कोण, तर तुम्ही दोघी, दोघीही त्याच बाजूच्या. मारिसेला दारातून म्हणाली, "तुमच्या बाजूचे सगळे घरी बसलेत ना, मिस्टर होल्मबर्ग." तो पुन्हा तसाच, ठसका लागेपर्यंत हसला. पेन घेतलं. फुली मारली. दोन रेघा, त्याही एकमेकींना जेमतेम भेटल्या. खाली आम्ही दोघींनी सह्या केल्या, दोन 'हो'वाल्या, त्याच्या 'नाही'च्या साक्षीदार.

कागद माझ्या हातात देताना तो जे बोलला ते मी जसंच्या तसं लिहिते. "शाळा बांधायची तर बांधा. पण माझं 'नाही' मोजून बांधा." चौतीस वर्षं मी लोकशाही शिकवली, मॅरेन. एवढ्या कमी शब्दांत मला ती कधी सांगता आली नाही.

मग मारिसेलाने गाडी अशी हाणली की मी अनेक वर्षांनी प्रार्थना केली. वाटेत बर्फ काढणारा ट्रॅक्टर आडवा आला, ती त्याच्या मागे मागे मैलभर हॉर्न वाजवत गेली. चार वाजून अकरा मिनिटांनी खिडकीतल्या मुलीने आमच्या कागदावर शिक्का मारला. आम्ही दोघी त्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर बर्फात बसून वेड्यासारख्या हसत सुटलो.

शुक्रवारी सकाळी दहाला निवडणूक मंडळाने सर्वांसमोर शेवटची मोजणी केली. दोन हजार चौऱ्याऐंशी. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. शाळा होणार, मॅरेन! शाळा होणार! मारिसेला रडली, क्रोलसाहेब रडले, आणि मी चक्क त्यांना मिठी मारली. मागच्या रांगेत तुझा बाबा बसला होता, एकटा. मॅब्री त्याच्याजवळ जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, की त्याने आपल्याच लोकांना दगा दिला. तुझा बाबा उठला नाही, आवाज चढवला नाही. म्हणाला, "मी 'नाही' म्हटलंय. तू काय म्हटलंस?" मग त्याने क्रोलसाहेबांना कोपऱ्यात गाठलं आणि नव्या इमारतीत कार्यशाळा कुठे येणार ते कागदावर लिहून मागितलं. साहेबांनी परवानगीबिरवानगी न मागता लिहून दिलं.

आता मी हे सगळं का लिहिलं ते. गुरुवारी त्या टेबलापाशी तुझ्या बाबाने माझ्याकडून एक वचन घेतलं. मॅरेनला कळता कामा नये, म्हणाला. कीव येऊन परत आलेली पोरगी मला नको. मी हो म्हटलं, आणि गेले तीन दिवस ते हो माझ्या घशात अडकलं आहे. आज मी ते वचन मोडते आहे, उघडपणे, खाली नाव लिहून. सहा वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या जेवणावरून, अंगणातल्या एका प्रचाराच्या पाटीवरून, तू उठून गेलीस. तेव्हा तू बरोबर होतीस असं मला वाटलं होतं, अजूनही वाटतं. पण त्यानंतर तू त्याला 'नाही' म्हणालेली नाहीस, बाळा. तू फक्त आली नाहीस. त्याचं म्हणणं मान्य करायला ये असं मी सांगत नाही. मी स्वतः ते करत नाही आणि मरेपर्यंत करणार नाही. त्याच्याशी भांडायला ये, त्याला बोलता येतं आहे तोवर. बुधवारी, १२ मार्चला सकाळी दहा वाजता स्पोकेनला त्याची डॉक्टरांकडे वेळ आहे, मी घेऊन जाणार आहे. तुला कोणी सांगितलं असं तो विचारेल. माझं नाव सांग. मी तिथेच बाजूच्या खुर्चीत असेन.

वचन मोडलेली, तरी तुझीच,
आर्लीन आत्या